घरी बीपी, शुगर, वजन, पावलं मोजायला लागण्यापूर्वी

२०२० च्या सप्टेंबरात, कोरोनाच्या साथीत, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार फिरल्या, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर पहिल्यांदा बोटाला लावला. पुढच्या वर्षी तो घरोघरी आला. तो चिमटा कामाला आला, कारण त्याच्या आकड्यासोबत पुढे काय करायचं तेही सांगितलेलं होतं. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवा. सहा मिनिटं चालून पुन्हा मोजा आणि आकडा घसरला तर वाट पाहत बसू नका. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना हे तोंडपाठ होतं.

आता त्याच कपाटात बीपीचं मशीन आहे, ग्लुकोमीटर आहे, पलंगाखाली वजनकाटा आहे आणि मनगटावर पावलं, ठोके, झोप सगळं मोजणारं घड्याळ आहे. आकडे पुष्कळ झाले, पण कुठल्या आकड्यावर काय करायचं हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. मग एकतर चार दिवसांनी मशीन धूळ खात पडतं, नाहीतर माणूस दिवसातून दहादा मोजून हैराण होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या आकड्यावरून काही ठरणार आहे, तेवढाच मोजा.

पहिली पायरी: प्रश्न लिहून काढा

‘तब्येतीकडे लक्ष द्यायचंय’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न असे असतात: गोळी बदलल्यावर सकाळचा बीपी आटोक्यात आला का? रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली तर दोन तासांनी शुगरमध्ये किती फरक पडतो? महिन्यातून किती वेळा डोकं उठतं आणि आदल्या रात्री काय झालेलं असतं? यातल्या शेवटच्या प्रश्नाला कुठलंच यंत्र लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो, तिथेच डोकेदुखीच्या दिवशी एक फुली, बाजूला ‘जागरण’, ‘उपास’, ‘ऊन’ असा एखादा शब्द आणि पाळीची तारीख. तीन महिन्यांत बरंच कळतं. अर्धशिशीच्या रुग्णाला डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात आणि बहुतेकांना ते आठवत नाही.

प्रश्न लिहिला की त्याखाली लिहा: ‘उत्तर असं आलं तर मी हे करीन.’ ही ओळ रिकामी राहत असेल तर ती गोष्ट मोजू नका.

हे मी नुसतं मनाने सांगत नाही. दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहा. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला. बीपी आटोक्यात नसलेल्या सुमारे बाराशे रुग्णांपैकी काहींनी घरी बीपी मोजून डॉक्टरांना कळवला आणि डॉक्टरांनी त्या आकड्यांवरून गोळ्या कमीजास्त केल्या. बाकीच्यांचे उपचार नेहमीसारखे, दवाखान्यातल्या आकड्यांवर चालू राहिले. वर्षभरानंतर घरी मोजणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी १३६-१३७ होता, बाकीच्यांचा १४० च्या वर. तीन-चार अंकांचा फरक लहान वाटतो, पण पक्षाघाताचा धोका कमी करायला तोही उपयोगी असतो. दुसरा अभ्यास २०१७ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधला. इन्सुलिन न घेणारे टाइप २ मधुमेहाचे साडेचारशे रुग्ण. काहींनी रोज बोट टोचून शुगर पाहिली, काहींनी पाहिलीच नाही. वर्षानंतर दोन्हीकडच्या एचबीए१सीमध्ये (साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ताची चाचणी) दखल घेण्याजोगा फरक नव्हता. पहिल्या अभ्यासात आकड्यावरून गोळी बदलत होती. दुसऱ्यात रोज एक आकडा मिळत होता, पण त्यावरून ठरत काहीच नव्हतं.

दुसरी पायरी: एका वेळी एकच गोष्ट

सुरुवातीला उत्साह असतो. बीपी, शुगर, वजन, पाणी, कॅलरी, झोप, सगळं एकदम सुरू होतं आणि पंधरा दिवसांत सगळं एकदम बंद पडतं. एक प्रश्न घ्या, त्याची मुदत ठरवा (आठवडा, महिना), उत्तर मिळालं की थांबा. बदलही एका वेळी एकच करा. साखर सोडली, चालायला लागलात आणि गोळीही बदलली, तर शुगर कशाने उतरली हे तुम्हाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

बीपी: सगळं बसण्यावर आहे

नव्या माणसाने कुठून सुरुवात करावी असं मला कुणी विचारलं तर मी बीपी सांगतो. वाढलेला बीपी बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही, मोजणं स्वस्त आहे आणि आकड्यावरून लगेच काहीतरी ठरवता येतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ‘इंडियाब’ अभ्यासात देशातल्या प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब आढळला.

मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. मनगटाचं मशीन हात नेमका हृदयाच्या पातळीवर असेल तरच भरवशाचं, आणि घरी तो तसा क्वचितच राहतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा आणि मशीनच्या दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसतो का पाहा. जाड दंडावर लहान पट्टा ओढूनताणून बसवला तर बीपी खोटाच वाढलेला दिसतो. ज्या मशीनची शास्त्रीय चाचणी झाली आहे त्यांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे, तिथे मॉडेलचा नंबर शोधा. घेतल्यावर एकदा मशीन डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून पाहा. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येतो तोच हात पुढे कायम वापरा.

आता मोजायची रीत. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू-विडी नाही, जिने चढणं नाही. लघवीला जाऊन या, मूत्राशय भरलेलं असेल तर आकडा वाढतो. पाठीला टेका मिळेल अशा खुर्चीवर बसा, पलंगाच्या कडेवर नको. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसण्याची आपल्याला सवय असते, ती तेवढ्यापुरती सोडा. पट्टा उघड्या दंडावर बांधा. शर्टाची किंवा ब्लाउजची बाही वर सरकवली आणि ती दंडाला करकचली तर सैल बाहीचं काही घाला. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीवर येईल, खाली उशी लागली तर घ्या. मग पाच मिनिटं गप्प बसा. खरोखर गप्प: फोन नाही, टीव्ही नाही, ‘किती आला?’ नाही. बोलण्याने वरचा आकडा सहज आठ-दहाने वाढतो. एकदा मोजा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा, दुसरा ‘चांगला’ आला म्हणून पहिला खोडू नका.

सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घेण्याआधी दोनदा. संध्याकाळी जेवणाआधी दोनदा. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, नवखेपणामुळे ते बरेचदा जास्त येतात. उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढा. वरच्या आकड्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर ती दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची धरतात आणि डॉक्टरांना भेटायला हवं. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ पासून १३०/८० ही खालची रेघ धरली आहे, म्हणून इंटरनेटवर दोन वेगळे आकडे दिसतात. तुमच्यासाठी कुठली रेघ, हे वय, मधुमेह, मूत्रपिंड पाहून डॉक्टर सांगतील.

या सात दिवसांत दोन गोष्टी उजेडात येतात, ज्या दवाखान्यात कधीच कळत नाहीत. काहींचा बीपी डॉक्टरांसमोरच चढतो आणि घरी व्यवस्थित असतो. त्यांना विनाकारण गोळ्या सुरू होऊ शकतात. काहींचं नेमकं उलटं असतं: दवाखान्यात १२८, घरी रोज १४५. हे जास्त धोक्याचं, कारण त्यांना कुणी आजारी म्हणतच नाही.

आमच्या सासूबाईंच्या वहीत सकाळचे आकडे १३० च्या आसपास आणि संध्याकाळचे हटकून १५० च्या वर यायचे. आकड्यांच्या पुढे त्यांनी एक ‘शेरा’ नावाचा रकाना आखला होता. त्यात संध्याकाळच्या बहुतेक ओळींपुढे ‘पोळ्या झाल्यावर’, ‘देवदर्शनाहून आले’ असं लिहिलेलं. डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी तो रकाना वाचला आणि सांगितलं, आठवडाभर आधी पाच मिनिटं बसून मग मोजा. संध्याकाळचा आकडा सकाळच्या जवळ आला, गोळी होती तेवढीच राहिली. आकड्याइतकंच त्या शेऱ्याला महत्त्व आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

आठवडा झाला, बीपी आटोक्यात आहे, मग मशीन कपाटात ठेवा. पुढच्या तपासणीच्या आधी पुन्हा एक आठवडा काढा. रोज उठून मोजायची गरज बहुतेकांना नसते. जरा डोकं जड झालं, कुणाशी वाद झाला की मोजायचं, ही सवय तर अजिबात नको. भांडणानंतर सगळ्यांचाच बीपी वाढतो. तो पाहून घाबरायचं, घाबरल्याने तो आणखी वाढायचा, मग तिसऱ्यांदा मोजायचं, असं चक्र सुरू होतं.

शुगर: कुणाला रोज, कुणाला नाही

इन्सुलिन घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी ग्लुकोमीटर रोजच्या रोज लागतो, कारण पुढचा डोस त्या आकड्यावर ठरतो. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला वयाच्या बाराव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला होता. १९६९ मध्ये त्याने रक्तातली साखर मोजायच्या यंत्राची जाहिरात पाहिली. ते यंत्र तेव्हा रुग्णांना विकत नसत, म्हणून डॉक्टर असलेल्या बायकोच्या नावाने त्याने ते मागवलं. दिवसातून अनेकदा मोजून त्याने आपलं इन्सुलिन आणि खाणं जुळवत नेलं. वैद्यकीय जगत त्याचं ऐकेना, तेव्हा चाळिशी ओलांडल्यावर तो मेडिकल कॉलेजात शिकायला गेला आणि स्वतःच डॉक्टर झाला. आज कुठल्याही मेडिकलच्या दुकानात मिळणारा ग्लुकोमीटर रुग्णाच्या हातात आला, त्यात अशा माणसांच्या हट्टाचा मोठा वाटा आहे.

नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी मात्र रोज एकदा अनशापोटी बोट टोचून तो आकडा पाहून सुस्कारा टाकायचा, याला फारसा अर्थ नाही. ग्लुकोमीटरच्या चाचणी-पट्ट्यांचा खर्च काही कमी नसतो. त्यापेक्षा त्याच पट्ट्या प्रश्नासाठी वापरा. समजा नाश्त्याला पोहे सोसतात की नाही हे पाहायचं आहे. नाश्त्याआधी मोजा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तेच, पण पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं. दोन्ही पदार्थ आणखी दोन-तीनदा तपासा, कारण एका दिवसाच्या आकड्यावर झोप, ताण, आदल्या रात्रीचं जेवण या सगळ्यांची छाप असते. मग दोन्हीकडची वाढ किती ते पाहा. आता तुमच्या हातात तुमच्याच शरीराचं उत्तर आहे आणि उद्यापासून ताटात काय घ्यायचं ते ठरवता येईल.

टोचण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या, चहात साखर घातलेल्या हाताने मोजलं तर बोटावरची साखरच रक्तात मोजली जाते. ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी काही दिवसांत निकामी होते. मुदत संपलेल्या पट्ट्या वापरू नका. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून अशक्तपणा असलेल्या बाईने हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

ग्लुकोमीटरकडून एकेका अंकाची अपेक्षा ठेवू नका. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरचा आकडा खऱ्या किमतीच्या १५ टक्के इकडेतिकडे असला तरी यंत्र पास होतं. म्हणजे १४२ आणि १५१ यांत फरक आहे असं समजून काल काय खाल्लं याचा शोध घेण्यात अर्थ नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांचा अंदाज देते, तो लॅबमधूनच घ्या.

दंडावर चिकटवायचे सेन्सर आता आपल्याकडेही मिळतात. ते रक्तातली नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतात, त्यामुळे काही मिनिटं मागे असतात. इन्सुलिनवाल्यांना त्यांचा खरा उपयोग आहे. मधुमेह नसलेल्या धडधाकट माणसाने ते लावून जेवणानंतरच्या प्रत्येक चढावर चिंता करावी, हे मला पटत नाही. जेवल्यावर साखर थोडी चढणारच. आणि ‘न टोचता शुगर सांगणारं घड्याळ’ अशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा. असं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न व औषध प्रशासन) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

परदेशात मुलं असलेल्या घरांसाठी एक सूचना. भारतात आणि अमेरिकेत शुगर मिलिग्रॅममध्ये सांगतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. नाशिकहून आईने ‘१३०’ कळवलं तर मेलबर्नच्या मुलाच्या यंत्रावर ते ७.२ असतं. मिलिमोलला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. फोनवर गोंधळ नको म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा.

वजन

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर. काटा फरशीवर ठेवा, गालिच्यावर नको. एका दिवसात किलो-दोन किलोची चढउतार नुसत्या पाण्याने होते. लग्नातलं जेवण, लोणचं-पापड, पाळीच्या आधीचे दिवस, सगळ्यांनी काटा पुढे जातो. म्हणून रोज मोजलंत तरी आठवड्याची सरासरीच पाहा. आपल्या लोकांमध्ये चरबी पोटावर जास्त साठते, तेव्हा टेपने कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

हृदय अशक्त असलेल्या रुग्णांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात, ते चरबीसाठी नव्हे. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करायचा. कशासाठी मोजायचं आणि कधी हालचाल करायची, दोन्ही एका वाक्यात आहे.

ज्यांनी कधी खाण्याचा ध्यास घेऊन स्वतःचे हाल केले आहेत, किंवा घरातली वाढत्या वयाची मुलगी जेवण टाळते आहे, त्यांच्या हातात कॅलरी मोजणारं ॲप देऊ नका. तिथे आकडे आजार वाढवतात.

पावलं

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं. ‘मानपो-केइ’ म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं, हे त्याचं नावच होतं. जाहिरातीला गोल आकडा बरा वाटला आणि तो जगभर पसरला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० च्या पुढे जास्तीचा फायदा दिसेनासा झाला. गुडघे दुखणाऱ्या आजीला ‘दहा हजार झालेच पाहिजेत’ म्हणून घरात फेऱ्या मारायला लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

तेव्हा पहिला आठवडा नेहमीसारखं वागा आणि नुसतं मोजा. सरासरी ३,००० आली, तर पुढचा महिना ४,००० चं ठरवा. फोन ओट्यावर ठेवून स्वयंपाक केला तर ती पावलं धरली जात नाहीत, सायकल आणि पोहणंही नाही. मनगटावरचं घड्याळ कधी हातवाऱ्यांनाही पावलं समजतं. रोजचा चढउतार सोडा, महिन्यामहिन्याने काय होतंय ते पाहा.

घड्याळ वजन उतरवेल, या आशेवर मात्र राहू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७१ तरुण माणसांचा दोन वर्षांचा अभ्यास मांडला. सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला होता, निम्म्यांना वर दंडावर लावायचं यंत्रही दिलं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, बिनयंत्राच्या लोकांचं जवळपास सहा किलो. आणि घड्याळातल्या ‘इतक्या कॅलरी जळल्या’ या आकड्यावर तर जेवण बेतूच नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डने सात यंत्रं तपासली. ठोके त्यातल्या सहांनी चांगले मोजले, कॅलरींमध्ये मात्र सगळ्यात बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. ३०० कॅलरी जळल्या म्हणून संध्याकाळी दोन वडापाव, हा हिशोब कधीच जुळत नाही.

झोप आणि ठोके

झोपेचे टप्पे खरे कळायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. घड्याळ हालचाल आणि ठोके पाहून अंदाज बांधतं. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात एवढं त्यातून बऱ्यापैकी कळतं, ‘गाढ झोप ४७ मिनिटं’ यावर विसंबू नका. घड्याळ झोपेला गुण देतं, त्या चांगल्या गुणांच्या हट्टाने लोकांची झोपच उडते, हे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांनी नोंदवलं आणि त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. त्यांच्या रुग्णांना लॅबमधल्या तपासणीपेक्षा मनगटावरचा आकडा खरा वाटत होता. सकाळी उठून ताजंतवानं वाटतंय आणि मग घड्याळातले गुण पाहून मरगळ येते, असं होत असेल तर रात्री घड्याळ काढून ठेवा. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणं, या तीन गोष्टी घड्याळापेक्षा शेजारी झोपणारं माणूस जास्त खात्रीने सांगतं, आणि त्यावर डॉक्टरांना भेटायलाच हवं.

ठोके अनियमित असल्याचा इशारा देणारी घड्याळं आता आहेत. ॲपलच्या घड्याळांवर स्टॅनफर्डने केलेल्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोक होते. त्यातल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला इशारा आला. पुढे ज्यांनी छातीवर ठोके नोंदवणारी ईसीजीची पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत अनियमितपणा सापडला. तो अधूनमधून येतो, त्यामुळे पट्टीच्या दिवसांत न सापडलेले सगळेच निर्धोक होते असं नाही. इशारा आला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका, डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

नोंद कशात ठेवायची

माझं मत वहीच्या बाजूने आहे. तारीख, वेळ, आकडा, शेरा, असे चार रकाने. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात. त्यांना ॲपमधला आलेख सरकवत दाखवण्यापेक्षा एका पानावर सरासरी, सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी आणि तुमचा प्रश्न लिहून न्या. आकडे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज टाकू नका. पुण्याचा काका, अमेरिकेतली मावशी आणि शेजारचे जोशी प्रत्येक जण वेगळा सल्ला देतात आणि ज्याचा बीपी आहे तो बिचारा गप्प बसतो. घरातल्या एकाच माणसाने ते पाहावेत.

ॲप वापरणारच असाल तर आधी सेटिंगमध्ये जा. ठिकाणाची परवानगी बंद करा, माहिती इतरांना देण्याचा पर्याय बंद करा, खातं पुसता येतं का पाहा. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या ॲपवर वापरणाऱ्या बायकांची माहिती फेसबुक-गुगलसारख्या कंपन्यांकडे पोहोचवल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२१ मध्ये तडजोड झाली. २०१८ मध्ये व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या ॲपच्या धावपटूंच्या नकाशावरून परदेशातल्या लष्करी तळांच्या वाटा उघड झाल्या. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण एकदा बाहेर गेलेली माहिती कायद्याने परत येत नाही. पाळीची तारीख कॅलेंडरवरच्या छोट्या टिंबानेही लक्षात राहते.

कधी थांबायचं

प्रश्नाचं उत्तर मिळालं की थांबा. आकडा न पाहता जेवायला, फिरायला, झोपायला भीती वाटू लागली तरी थांबा. चालण्यातली मजा गेली आणि नुसती बेरीज उरली असेल तर महिनाभर घड्याळ काढून टेकडीवर जा. २०१६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या जॉर्डन एटकिन यांच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: आवडीची गोष्ट मोजायला लागलं की माणसं ती जास्त करतात, पण तिच्यातला आनंद कमी होतो आणि मोजणं थांबलं की ती करणंही कमी होतं. इन्सुलिन घेणारे, हृदय अशक्त असणारे, गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायका यांनी मात्र आपल्या मनाने थांबू नये, डॉक्टरांना विचारावं.

हे पान फ्रिजवर लावा

बीपी १८०/१२० किंवा जास्त आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला, पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जास्तीची गोळी मनाने घेऊ नका. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

शुगर ७० च्या खाली, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटतंय आणि यंत्र जवळ नाही: तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी मोजा, कमीच असेल तर पुन्हा प्या, मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८.

छातीत दुखतंय आणि घड्याळ सगळं ठीक दाखवतंय, तरी १०८. निघताना वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, तिथे डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.